पिशवीभर बाटल्या आणि १०४ दिवस : पीसीओएसचं एक प्रकरण

ती आली तेव्हा तिच्याकडे दोन गोष्टी होत्या, एक रिपोर्टची फुगलेली फाईल आणि एक कापडी पिशवी. मी आहारतज्ज्ञ, एका गायनॅक मॅडमबरोबर काम करते, त्यांनीच तिला पीसीओएससाठी, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम या अंडाशयांच्या आणि हार्मोन्सच्या आजारासाठी, पाठवलेलं. फाईल बघायच्या आधी मी म्हटलं पिशवीत काय आहे ते दाखव, तर तिने जरा लाजतच सगळं टेबलावर काढलं. अकरा गोष्टी. केसांसाठीच्या गमीज (चघळायच्या गोळ्या), इन्सुलिनसाठी घेतात ती इनोसिटॉलची पावडर, बर्बेरिन, दालचिनीच्या कॅप्सूल, स्पिअरमिंटचा चहा, व्हिटॅमिन डी, ओमेगा थ्री, झिंक, मॅग्नेशियम, बियांचे दोन डबे, आणि एक "हार्मोन बॅलन्स"चं चूर्ण ज्याच्यावर आत काय आहे ते लिहिलेलंच नव्हतं. "मॅडम, मी सगळं नॅचरलच घेते," हे तिचं पहिलं वाक्य. आणि शेवटची पाळी येऊन १०४ दिवस झाले होते.

(तिची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय.)

वय २६, उंची १५८ सेंटीमीटर, वजन ७१ किलो. गेल्या वर्षभरात पाळी चारदा. हनुवटीवर आणि गळ्याखाली जाड केस, जबड्याच्या कडेने पिंपल्स, मानेच्या मागे काळसर मखमली पट्टा, जो ती वर्षभर स्क्रबने घासत होती. तो मळ नसतो हो. रक्तात इन्सुलिन जास्त राहिलं की तिथली त्वचा तशी जाड आणि काळी होते, घासून फक्त आग होते. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयं मोठी आणि कडेने माळेसारखे बारीक ठिपके. या ठिपक्यांना कुणीतरी तिला "गाठी" म्हणून सांगितलेलं आणि त्या फुटल्या तर काय, या भीतीने ती उड्या मारायचे व्यायाम टाळत होती. खरं तर त्या गाठी नाहीत, अर्धवट वाढून थांबलेली फॉलिकल्स आहेत, म्हणजे ज्या पिशवीत बीजांड पिकतं ती पिशवी, पिकायच्या आधीच थबकलेली. आजाराचं नावच, पॉलिसिस्टिक म्हणजे "पुष्कळ गाठींचं", इतकं चुकीचं पडलंय की निम्मा वेळ ते निस्तरण्यात जातो. २००३ च्या रॉटरडॅम निकषांप्रमाणे तीनपैकी दोन गोष्टी लागतात, अनियमित पाळी, अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन्स) जास्त असल्याची लक्षणं किंवा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतलं ते चित्र, आणि तेही दुसरी कारणं तपासून बाजूला केल्यावर. तिच्याकडे तिन्ही होत्या.

पण फाईलमध्ये एक कागद असा होता की मॅडमनी त्याच्यावर लाल पेनाने दोन प्रश्नचिन्हं काढलेली. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ०.०८, इतकं कमी म्हणजे थायरॉइड धो धो वाहतंय असा अर्थ, आणि टेस्टोस्टेरॉन १६८, जे पीसीओएसच्या मानानेही खूपच वर, इतकं वर असलं की अंडाशयात किंवा किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीत ट्यूमर तर नाही ना हे बघायला लागतं. आणि समोर बसलेल्या मुलीला ना धडधड, ना हात कापणं, ना वजन उतरणं, ना आवाज बदललेला. रिपोर्ट एक सांगतोय, मुलगी दुसरंच.

मी गमीजची बाटली उचलून मागचं लेबल वाचलं. बायोटिन, रोजच्या डोसमध्ये १०,००० मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० पुरतात. बायोटिनने अंगाला फार काही होत नाही, पण बऱ्याच लॅबच्या मशीनमध्ये हार्मोन पकडायला बायोटिनचाच चिकटपणा वापरलेला असतो, त्यामुळे रक्तात ते भरपूर असलं की मशीनच फसतं, टीएसएच खोटं कमी दाखवतं आणि टेस्टोस्टेरॉनसारखी काही हार्मोन्स खोटी जास्त. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, २०१७ मध्ये यावर इशारासुद्धा काढला होता. गमीज बंद केल्या, आठवडाभर थांबलो, परत रक्त दिलं. टीएसएच २.४, टेस्टोस्टेरॉन ७१. म्हणजे टेस्टोस्टेरॉन थोडं वर होतंच, पण ट्यूमर शोधायला स्कॅन करायचं जे ठरत होतं ते रद्द झालं. केस गळू नयेत म्हणून घेतलेल्या गोळीने मुलीचे पंधरा दिवस झोपेविना गेले.

आधी काढायचं

माझं या प्रकरणातलं एकच म्हणणं आहे, ते इथेच सांगून टाकते. पीसीओएसमध्ये पूरक उपाय करायला माझी अजिबात ना नाही, पण अकरा गोष्टी एकदम चालू असताना काय उपयोगी पडतंय, काय नडतंय आणि काय नुसतंच लघवीवाटे जातंय हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून आधी काढायचं, मग लागलं तर एकेक घालायचं, आणि घातलेलं कधी थांबवायचं ती तारीख आधीच लिहून ठेवायची.

लेबल नसलेलं चूर्ण पहिलं गेलं, त्यावर चर्चाच नाही. बर्बेरिन गेलं, कारण ते लिव्हरमधल्या औषधं फोडणाऱ्या एन्झाइम्सच्या मध्ये येतं आणि दिवस राहायची शक्यता असेल तर नकोच. दालचिनी, झिंक, मॅग्नेशियम, ओमेगा, सगळं बंद, वाईट आहे म्हणून नाही, तर हिशोब लागावा म्हणून. व्हिटॅमिन डी राहिलं, कारण तिची पातळी १२ होती, ती कमतरता पीसीओएस नसतं तरी भरून काढलीच असती. स्पिअरमिंट चहाबद्दल ती हळवी होती. त्यावर एक छोटा अभ्यास आहे, ३० दिवस रोज दोनदा, त्यात टेस्टोस्टेरॉन उतरलं आणि बायकांना स्वतःला केस कमी वाटले, पण मोजणाऱ्यांना स्कोअरमध्ये फरक दिसला नाही. मी म्हटलं आवडतो ना, मग चहा म्हणून पी, औषध म्हणून नको. बियांची तर गंमतच होती, पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात जवस नि भोपळ्याच्या, दुसऱ्यात तीळ नि सूर्यफुलाच्या असं तिने कॅलेंडर केलेलं, पण पाळीच १०४ दिवस आलेली नाही तर दुसरा पंधरवडा धरायचा कुठून? ती स्वतःच हसायला लागली. बिया राहू दिल्या, फायबर म्हणून बऱ्या आहेत, कॅलेंडर फाडलं.

इनोसिटॉल बाजूला ठेवून दिलं. बंद नाही, बाजूला. ते नंतर येतं.

जे कुणी विचारलंच नव्हतं

दोन वर्षांपूर्वी तिला दुसरीकडे पाळी नियमित करायच्या गोळ्या दिलेल्या, तीन महिन्यांत तिने सोडल्या, फाईलवर शेरा "पेशंटला गोळ्या नकोत". मी विचारलं का सोडल्यास, तर म्हणाली डोकं दुखायचं. दुखायच्या आधी काही व्हायचं का? "हो, डोळ्यापुढे झिगझॅग चमकत्या रेषा यायच्या, वीस एक मिनिटं, मग अर्धं डोकं." आणि हे गोळ्यांच्या आधीपासून, कॉलेजपासून.

ही ऑरावाली मायग्रेन. असल्या बाईला इस्ट्रोजेन असलेली गोळी द्यायचीच नसते, पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणजे मुलगी हट्टी नव्हती, तिच्या शरीराने बरोबर नको म्हटलेलं आणि शेऱ्यात मात्र तिच्यावरच आलं. मी तिथल्या तिथे मॅडमना फोन केला, त्यांनी फाईलच्या कव्हरवरच मोठ्या अक्षरात लिहिलं. त्यामुळे नेहमीचा रस्ता बंद झाला आणि आहार, व्यायाम, झोप हे बाजूचं काम न राहता मुख्य काम झालं.

पण १०४ दिवसांचं काय? इथे मला नेहमी भांडावं लागतं. "नॅचरली येऊ दे" म्हणत चार-चार महिने वाट बघणाऱ्या मुली मी पाहिल्यात. बीजांड बाहेर पडलं नाही की प्रोजेस्टेरॉन बनत नाही, मग इस्ट्रोजेन एकटंच गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं, आणि असं वर्षानुवर्षं चाललं तर त्या अस्तरात बिघाड होऊन कॅन्सरपर्यंत जाऊ शकतं. मॅडमनी आधी प्रेग्नन्सी टेस्ट केली, निगेटिव्ह आली, मग प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या गोळ्यांचा दहा दिवसांचा कोर्स दिला. यात इस्ट्रोजेन नसतं त्यामुळे मायग्रेनला अडचण नाही. चार दिवसांनी पाळी आली. तो आमचा दिवस पहिला. पुढे ठरलं असं, ६० दिवस झाले की कळवायचं आणि कुठल्याही परिस्थितीत ९० च्या पुढे जाऊ द्यायचं नाही.

साखरेचं बघितलं तेव्हा उपाशीपोटी ९८, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.६, दोन्ही कागदावर नॉर्मल, आणि इथेच पुष्कळ ठिकाणी थांबतात. मॅडमनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांची टेस्ट करायला लावली, ती आली १५२. १४० च्या वर म्हणजे डायबेटिसच्या अलीकडचा टप्पा. पीसीओएसमध्ये हीच टेस्ट जास्त खरं सांगते. आणि हेच सगळ्याचं मूळ एका अर्थी, साखर आवरायला शरीर इन्सुलिन जास्त सोडतं, आणि इन्सुलिन जास्त झालं की अंडाशयात अँड्रोजेन जास्त बनतं, आणि लिव्हर ते अँड्रोजेन बांधून ठेवणारं प्रथिन कमी बनवतं, म्हणजे बनतंही जास्त आणि मोकळं सुटतंही जास्त.

माझी चूक

आता जे लिहायला मला आवडत नाही ते. मी तिला पहिल्या दिवशी छान छापील डाएट प्लॅन दिला. १३०० कॅलरी, पिष्टमय पदार्थ अगदी कमी, सगळं मोजून. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय पीसीओएस मार्गदर्शक तत्त्वांत सरळ लिहिलंय की अमुकच आहार दुसऱ्यापेक्षा चांगला असा पुरावा नाही, बाईला झेपेल तो द्या, आणि त्याच तत्त्वांत हेही आहे की पीसीओएसमध्ये डिप्रेशन, अँग्झायटी आणि खाण्याशी बिघडलेलं नातं जास्त दिसतं, ते आधी विचारा. मी वाचलेलं होतं. विचारलं नाही. रिपोर्ट, गमीज, मायग्रेन यात मीच डिटेक्टिव्ह झाल्याच्या आनंदात होते.

पहिले चार आठवडे वजन अडीच किलो उतरलं, मी खूश. पाचव्या आठवड्यात तिचे मेसेज कमी झाले, सहाव्यात ती आलीच नाही. सातव्यात आली, आणि बसल्या बसल्या रडायला लागली. रात्री बारा-साडेबाराला सगळे झोपले की ती स्वयंपाकघरात उभ्यानेच खात होती, जे हाताला लागेल ते, पोट दुखेपर्यंत, आणि सकाळी शिक्षा म्हणून उपाशीपोटी तासभर तुफान व्यायाम. अडीचातलं पावणेदोन किलो परत आलेलं. हे आधीही व्हायचं, कॉलेजपासून, जेव्हा जेव्हा डाएट केलं तेव्हा तेव्हा. म्हणजे मी तिला नवीन काही दिलंच नव्हतं, तिचा जुनाच त्रास छापून दिला होता.

मी तिची माफी मागितली आणि तो कागद परत घेतला. वजनकाटा तिने कपाटाच्या वर टाकला, आम्ही ठरवलं वजन फक्त माझ्याकडे, महिन्यातून एकदा, आणि तिला बघायचं नसेल तर तिने बघायचं नाही. मॅडमच्या ओळखीच्या सायकॉलॉजिस्टकडे तिची आठ सेशन्स झाली, आणि मला विचाराल तर या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात जास्त कामाला आलेला "पूरक उपाय" तोच.

नवा प्लॅन तोंडी सांगण्यासारखा होता. सकाळी उठल्यावर दीड-दोन तासांच्या आत खायचं आणि त्यात प्रोटीन हवं, अंडी, दही, कडधान्यं, जे चालेल ते. दोन्ही जेवणांत अर्धं ताट भाज्या. पिष्टमय पदार्थ खायचे, पण एकटे नाहीत आणि शेवटी. संध्याकाळी साडेपाचला काहीतरी खायचंच, कारण तिचं रात्रीचं सगळं वादळ दुपारी एक ते रात्री नऊ या आठ तासांच्या उपासातून उठायचं. बस.

व्यायामाचं तिचं चक्र असं, तीन आठवडे रोज तासभर जीव तोडून, मग दोन महिने शून्य. ते मोडून आठवड्यातून दोन दिवस पस्तीस मिनिटं वजनं उचलणं आणि रोज दोन जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालणं एवढंच ठेवलं. स्नायू काम करत असताना रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता आत ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरची ती दहा मिनिटं दिसतात त्यापेक्षा वजनदार असतात. योगाचा क्लास ती आधीपासून शनिवारी करायची, तो राहिला. पीसीओएस असलेल्या किशोरवयीन मुलींवर बारा आठवडे योगाचा अभ्यास झालाय, त्यात हार्मोन्समध्ये सुधारणा दिसली होती, पण मी तिला एवढंच म्हटलं की तिथून आलीस की तुझा चेहरा बरा दिसतो, चालू ठेव. पुढे पुढे चालणं वाढून आठवड्याला १५० मिनिटांच्या वर गेलं, ते तिचं तिनेच केलं.

झोप पाच तास होती, मोबाईल रात्री दीडपर्यंत. घोरतेस का, सकाळी डोकं जड असतं का हेही विचारलं, कारण पीसीओएसमध्ये स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकणं, हेही जास्त असतं, तसं काही निघालं नाही. चार्जर खोलीच्या बाहेर लावायला सांगितला. पहिले दहा दिवस चिडचिड, मग साडेअकराला झोप यायला लागली.

कॅलेंडर

पहिल्या दिवसापासून ६० दिवस झाले, पाळी नाही. तिने ठरल्याप्रमाणे मेसेज केला, मॅडमनी दुसऱ्या दिवशी बोलावलं, आणि ६१ व्या दिवशी क्लिनिकच्या वाटेवरच पाळी आली. गोळीशिवाय. पुढची ४७ दिवसांनी.

तीन महिन्यांनी परत ग्लुकोज टेस्ट, १४९. म्हणजे १५२ च्या तुलनेत काहीच नाही, एवढा फरक तर दोन दिवसांत असाच पडतो. मॅडमना मेटफॉर्मिन, म्हणजे डायबेटिसमध्ये देतात ती गोळी, सुरू करायचं होतं, आणि ते योग्यच होतं, नको तिथले केस आणि पोटावरची चरबी यासाठी इनोसिटॉलपेक्षा मेटफॉर्मिनचा पुरावा बरा आहे. तिला मात्र पोट बिघडण्याची भीती, आणि बाजूला ठेवलेली ती पावडर आठवत होती. शेवटी सौदा झाला, रोज ४ ग्रॅम मायो इनोसिटॉल, फक्त साडेतीन महिने, मग परत टेस्ट, १४० च्या खाली नसेल तर कुरकुर न करता मेटफॉर्मिन. पुढची पाळी ५२ दिवसांनी, मग ३८. टेस्ट १३८. निसटतं पास.

आणि मग मी तिला पावडर बंद करायला सांगितलं. ती दचकलीच, "आत्ता तर लागू पडलंय!" म्हटलं तेच तर बघायचंय. बंद केल्यावर पाळी आली ३६, ४१, ३४ दिवसांनी. पावडरीने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही, सुरुवातीला टेकू दिलाही असेल, एका बाईच्या कॅलेंडरवरून ते ठरत नाही, पण काढल्यावर काही कोसळलं नाही एवढं दिसलं आणि दर महिन्याचा एक डबा वाचला.

मधल्या काळात तिने ओव्ह्युलेशनच्या, म्हणजे बीजांड सुटणार का ते लघवीवरून बघायच्या, पट्ट्या आणलेल्या, सलग सहा दिवस पॉझिटिव्ह, ती हवेत. त्या पट्ट्या एलएच हे हार्मोन चढलंय का ते बघतात, आणि पीसीओएसमध्ये ते मुळातच चढं असू शकतं त्यामुळे त्या पट्ट्या उगाच हो म्हणतात. त्यापेक्षा पाळीच्या साधारण आठवडाभर आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन बघावं. सगळे आंधळेपणाने २१ वा दिवस धरतात, पण तो २८ दिवसांच्या पाळीचा हिशोब, हिची पाळी लांबलेली म्हणून २९ व्या दिवशी रक्त घेतलं, ८.६ आलं आणि बरोबर सात दिवसांनी पाळी आली. ३ च्या वर म्हणजे बीजांड सुटलेलं. तेव्हा मॅडमनी तिला आणखी एक स्पष्ट सांगितलं, पीसीओएस म्हणजे गर्भनिरोधक नव्हे, आता तर नाहीच, आणि तुला इस्ट्रोजेन चालत नाही तर बाकी पर्याय हे हे आहेत. "तुला मूल होणार नाही" असं ऐकून आलेल्या मुलीला हे वाक्य ऐकताना बघायला हवं होतं.

ॲक्युपंक्चरचं तिने एकदा विचारलं. चीनमध्ये १,००० बायकांवर मोठी चाचणी झाली, २०१७ मध्ये आली, त्यात खऱ्या सुया आणि खोट्या सुया यांत मूल होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. तिने खांदे उडवले, विषय संपला.

दहा महिन्यांनंतर वजन ६६.५, म्हणजे साधारण सहा टक्के कमी, दोन तासांची साखर १२८, मानेवरचा पट्टा फिकट पण आहे. रात्रीचं खाणं शेवटच्या तीन महिन्यांत एकदा, आणि ते तिने स्वतःहून सांगितलं. मोठ्या बायकांत २१ ते ३५ दिवस नियमित धरतात, म्हणजे ती अजून काठावरच आहे.

हनुवटीचे केस मात्र जसेच्या तसे. आहाराने नाही, चहाने नाही, कशानेच नाही. एकदा जाड झालेला केस आतून हार्मोन सुधारलं म्हणून सहजासहजी मऊ होत नाही, औषधाचाही परिणाम दिसायला सहा-सहा महिने लागतात. ती सगळ्यात आधी ज्यासाठी रडली होती ते हेच, आणि मला त्यात काही करता आलं नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडे लेझरची चार सिटिंग झालीत, दोन बाकी आहेत. मायग्रेनसाठी न्यूरॉलॉजिस्टची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे. बीपी दरवर्षी, ग्लुकोज टेस्ट पुढच्या वर्षी परत, आणि पिशवीत आता व्हिटॅमिन डी आणि चहा.